पेशीभित्तिका पेशीच्या बाहेर असते, मग तिच्यातलं सेल्युलोज आत तयार होऊन बाहेर जातं का? आणि पेशी वाढताना ही भित्तिका फाटत कशी नाही?

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर: सेल्युलोज पेशीच्या आत तयार होतच नाही. ते प्रद्रव्यपटलात, म्हणजे भित्तिकेला आतून टेकलेल्या पातळ पडद्यात तयार होतं आणि होता होताच बाहेर पडतं.

तुम्हाला ही शंका आली ते साहजिक आहे, कारण भित्तिकेतलं पेक्टिन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज खरोखरच आत, गॉल्गी संकुलात बनतं आणि बारीक पिशव्यांतून बाहेर सोडलं जातं. सेल्युलोजचं तसं जमत नाही. हजारो ग्लुकोज सरळ रेषेत जोडलेली ती ताठ साखळी. पाण्यात विरघळत नाही आणि शेजारची साखळी भेटली की तिला घट्ट चिकटते. अशा साखळ्या पेशीच्या आत साचल्या तर त्यांची वाहतूक करायची कशी?

हे काम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव सेल्युलोज सिन्थेज, थोडक्यात सेसा. सेसा पटलात आरपार रुतलेलं असतं. त्याचा काम करणारा भाग आतल्या बाजूला असतो. तो यूडीपी-ग्लुकोज नावाच्या रेणूतलं ग्लुकोज उचलतो, साखळीच्या टोकाला जोडतो, आणि साखळी सेसाच्याच पोटातल्या बोगद्यातून एक घर पुढे सरकते. प्रत्येक ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत उलटं बसतं, म्हणून साखळी सरळ राहते. स्टार्चही ग्लुकोजचंच, पण त्यातला जोड वेगळा असल्याने ती साखळी वळत जाते. एवढ्या फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि उसाचं वाढं पचवायला बैलाच्या पोटातले जिवाणू लागतात.

बोगद्यात अडकलेल्या साखळीसकट जिवाणूच्या सेल्युलोज सिन्थेजची रचना 2013 मध्ये समोर आली. 2020 मध्ये पॉप्लर झाडाच्या सेसाची रचना उलगडली, तेव्हा तीन सेसा एकमेकांना बिलगून बसलेले दिसले. वनस्पतीत असे सहा गट मिळून फुलासारखं सहा पाकळ्यांचं संकुल होतं, त्याला रोझेट म्हणतात. तीन गुणिले सहा, म्हणून एका रोझेटमधून 18 साखळ्या एकदम निघतात आणि बाहेर पडताच एकत्र येऊन जेमतेम 3 नॅनोमीटर जाडीचा एक तंतू बनतो, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

सोऱ्यातून शेव पडते तसं हे डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे पीठ आधी मळलेलं नसतं, भोकाच्या तोंडाशीच कण कण जोडला जातो. शिवाय पडलेली शेव भित्तिकेत पक्की बसलेली असते, त्यामुळे नवा कण जोडला की सोऱ्याच मागे ढकलला जातो. रोझेट पटलात अशीच सरकत जाते, मिनिटाला साधारण 300 नॅनोमीटर. म्हणजे एकेका साखळीला मिनिटाला पाचशेच्या वर ग्लुकोज.

आता हे ग्लुकोज येतं कुठून? मी वाळवा तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर शेतातच उभं असतं. पानात तयार झालेली साखर उसात खाली उतरते. सुक्रोज सिन्थेज नावाचं दुसरं विकर ती फोडून थेट यूडीपी-ग्लुकोज देऊ शकतं. इन्व्हर्टेज या आणखी एका विकराने फोडलेल्या साखरेपासूनही थोड्या लांबच्या वाटेने तेच मिळतं. शेंड्याकडची कांडी अजून लांबत असतात. तिथे आलेली साखर भित्तिका बांधण्यात आणि वाढीत खर्च होते. खालच्या कांड्यांची वाढ थांबलेली, म्हणून तिथे ती रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठत जाते. बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो तो यामुळे. एकाच साखरेचे हे दोन हिशेब पोरांना कळले, की पुढचं शिकवायला मला फार सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. पेशीच्या आत पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. तरी ती फुटत नाही आणि फुग्यासारखी गोलही होत नाही, लांब होते. कारण तंतू कसेही पडत नाहीत. पटलाच्या आतल्या बाजूने सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या असतात आणि रोझेट त्यांच्या रेषेने धावतात. लांबणाऱ्या पेशीत या नलिका आडव्या असतात, म्हणून तंतूही पेशीभोवती आडवे गुंडाळले जातात. आडवं फुगायला वाव नाही, मग पेशी उभी वाढते. 2006 मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात सेसाला चमकणारं प्रथिन जोडून शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीत ही धाव प्रत्यक्ष पाहिली. कोल्चिसिन हे रसायन देऊन नलिका मोडल्या तर पेशी लांबायची सोडून फुगते. दरम्यान एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं तंतूंमधली पकड थोडी सैल करतात, भित्तिका ताणते, आणि आतून नवे तंतू पडत राहतात. फाटायची वेळ येत नाही ती म्हणूनच.

वाढ संपली की काही पेशी आतून दुसरी, जाड भित्तिका घालतात. तिच्यासाठी सेसाही वेगळे असतात: अरॅबिडॉप्सिसमध्ये पहिल्या भित्तिकेला मुख्यतः 1, 3 आणि 6 क्रमांकाचे, दुसरीला 4, 7 आणि 8. भातात या दुसऱ्या संचातलं एखादं जनुक बिघडलं तर काड कटकन मोडतं. उसाच्या कांड्याचा ब्लेडने पातळ काप घेऊन सॅफ्रॅनिन या लाल रंगद्रव्यात बुडवा. साखरेच्या मोठ्या पेशी फिकट राहतील, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या धाग्यांच्या जुड्या लालभडक दिसतील. तो लाल रंग धरतं ते लिग्निन, लाकडाला कठीणपणा देणारं द्रव्य, जे या जाड भित्तिकेत सेल्युलोजच्या तंतूंमधल्या फटी भरून टाकतं. ऊस खाताना दातात अडकतात त्या याच जुड्या, आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्येही (उसाच्या चोथ्यातही) मुख्यतः याच भित्तिका असतात. त्यातलं ग्लुकोज सोडवून इथेनॉल करता येतं, पण आधी लिग्निनची पकड सोडवावी लागते, आणि बरीचशी मेहनत आणि पैसा तिथेच जातो.