निपाणीत राहून बारावी सायन्स करतोय, कीटकशास्त्रज्ञ व्हायचंय. वाट कशी धरावी?

आधी बीएस्सी ॲग्री, ४ वर्षं. साधं प्राणिशास्त्र घेऊ नका; कृषी विद्यापीठांतल्या जागांना सहसा कृषी कीटकशास्त्राचीच एमएस्सी मागतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठासाठी केसीईटी, म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा, द्या. महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद असते, त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. पुढे २ वर्षं एमएस्सी, मग पीएचडी. शास्त्रज्ञपदासाठी एआरएस (कृषी संशोधन सेवेची परीक्षा), प्राध्यापकीसाठी नेट (पात्रता परीक्षा).

पण खरा पाया कीटकसंग्रहाचा, आणि तो आत्ताच सुरू होतो. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी उसाच्या बांधावरच्या कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे मिळतात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या कडक पंखातून टोचायची. मधोमध टोचली तर ओळख पटवायच्या खुणाच जातात. अळी जिवंतच अल्कोहोलमध्ये टाकलीत तर काळी पडते, म्हणून आधी उकळत्या पाण्यात मारून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक हवंच. चिठ्ठीविना कीटक संशोधनाच्या काहीच कामाचा नाही! पेटीत डांबरगोळी ठेवा, नाहीतर बारके किडे अख्खा संग्रह पोखरतात.