अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःचीच चौकशी करणाऱ्या वकिलाला काढून टाकू शकतो का?

काढू शकतो. पण त्यासाठी त्याला दुसऱ्या कुणाची तरी सही लागते, आणि ती सही करायला कोण तयार होतं यावरच आजवर सगळं अडलेलं आहे.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'ज्याची चौकशी चाललीय त्याच्याच हातात चौकशी करणाऱ्याची नोकरी कशी काय?' रास्त शंका आहे. आपला राष्ट्रपती आधी डोक्यातून काढा. आपल्या घटनेच्या कलम 361 प्रमाणे राष्ट्रपतीवर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईच करता येत नाही, आणि तो कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालवतो. अमेरिकेत सगळा कार्यकारी अधिकार अध्यक्षाचा. न्याय खातं त्याच्याच हाताखाली, खात्याचा प्रमुख ॲटर्नी जनरल त्याने नेमलेला, आणि फिर्याद चालवणारे वकील त्या ॲटर्नी जनरलच्या हाताखाली. थोडक्यात, आरोपीच मालक. मी दिवाणी कोर्टातला वकील, फौजदारीत माझी फारशी गती नाही. पण वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपल्यावरून अध्यक्ष निक्सनवर शेकलेल्या प्रकरणाचा, नाद जुना आहे, म्हणून लिहायला बसलो.

निक्सनच्या वेळी चौकशीसाठी खास वकील नेमला होता आर्चिबाल्ड कॉक्स. हार्वर्डचे प्राध्यापक, कायम बो टाय लावणारे. त्यांना नेमणारा ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन हा त्यांचाच जुना विद्यार्थी. रिचर्डसनने सिनेटला शब्द दिला होता की गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय कॉक्सना हात लावणार नाही, आणि ते नियमातही लिहून घेतलं होतं. जुलै 1973 मध्ये उघड झालं की निक्सन आपल्या कार्यालयातली बोलणी टेपवर घेत असतो. कॉक्सनी टेप मागितल्या.

निक्सनने काढलेला तोडगा असा: टेप कॉक्सना द्यायच्या नाहीत, आपण त्यांचा सारांश तयार करून द्यायचा, आणि तो बरोबर आहे की नाही हे सिनेटर जॉन स्टेनिस यांनी टेप ऐकून सांगायचं. स्टेनिस वयाने सत्तरीपुढचे आणि त्यांना नीट ऐकू येत नसे, हे वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या कोर्टात असा पंच कुणी सुचवला असता तर न्यायाधीशांनाही हसू आवरलं नसतं.

कॉक्सनी 20 ऑक्टोबर 1973 ला, शनिवारी दुपारी पत्रकार परिषद घेऊन शांतपणे नकार दिला. संध्याकाळी निक्सनने रिचर्डसनला बोलावलं, कॉक्सना काढा म्हणून. तिकडे अरब-इस्रायल युद्ध पेटलेलं, अशा वेळी अध्यक्ष कमकुवत दिसला तर रशिया काय म्हणेल, असंही त्याला ऐकवण्यात आलं. रिचर्डसनने ऐकलं नाही, राजीनामा दिला. मग खात्यातले नंबर दोनचे विल्यम रकल्सहाउस. व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी जनरल हेग यांनी फोनवर सांगितलं, तुमच्या सरसेनापतीचा, म्हणजे अध्यक्षाचा, हुकूम आहे. रकल्सहाउसही बधले नाहीत, तेही गेले. तिसऱ्या नंबरवर होते सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क. त्यांना गाडी पाठवून आणलं, प्रभारी ॲटर्नी जनरल केलं, आणि त्यांनी सही केली. त्याच रात्री एफबीआयची माणसं कॉक्स यांच्या कार्यालयाला कुलपं लावायला पोचली.

बोर्कबद्दल लोक नुसती शिवी देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की हुकूम कायदेशीर आहे, कुणीतरी पाळायलाच हवा, नाहीतर खात्यातला एकेक जण राजीनामा देत सुटेल. सही करून स्वतःही राजीनामा द्यायचा त्यांचा विचार होता, पण खातं वाऱ्यावर पडू नये म्हणून राहा, असं त्यांना सांगितलं खुद्द रिचर्डसननेच. तरीही सही ती सहीच. 1987 मध्ये त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी आलं तेव्हा ही रात्र पुन्हा उकरली गेली, आणि सिनेटने त्यांना 58 विरुद्ध 42 मतांनी नाकारलं.

आता कायद्यातली गंमत. नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या न्यायाधीश गेसेल यांनी निकाल दिला की कॉक्सना काढणं बेकायदा होतं, कारण काढलं तेव्हा रिचर्डसनचा तो नियम लागू होता आणि गैरवर्तन काही झालेलंच नव्हतं. पण कॉक्स परत आले नाहीत. त्यांच्या जागी लिऑन जॉवर्स्की आधीच बसले होते. लोक एवढे खवळले होते की निक्सनला बारा दिवसांत नवा वकील नेमू द्यावा लागला. जॉवर्स्कींनीही त्याच टेप मागितल्या. 24 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 0 ने सांगितलं, टेप द्या. नियम रद्द होत नाही तोवर तो सरकारलाही बांधतो. 9 ऑगस्टला निक्सन गेला.

यातला 'रद्द होत नाही तोवर' हा भाग लक्षात ठेवा. खात्याने केलेला नियम खातंच रद्द करू शकतं. म्हणून 1978 मध्ये संसदेने कायदाच केला: असा वकील तीन न्यायाधीशांचं मंडळ नेमेल, आणि त्याला फक्त ॲटर्नी जनरल, तेही सबळ कारण असेल तरच, काढू शकेल. सुप्रीम कोर्टाने 1988 मध्ये तो 7 विरुद्ध 1 ने उचलून धरला. विरोधातले एकटे न्यायमूर्ती स्कालिया, आणि त्यांचं ते एकट्याचं मत आज बहुमतातल्या निकालापेक्षा जास्त वजनदार झालंय. क्लिंटनच्या मागे लागलेले केनेथ स्टार याच कायद्याखालचे. त्यांचा कारभार पाहून दोन्ही पक्ष इतके विटले की 1999 मध्ये कायद्याची मुदत निमूटपणे संपू दिली.

तेव्हापासून पुन्हा खात्याचा नियमच आहे. त्यात लिहिलंय: काढायचं तर ॲटर्नी जनरलने स्वतः, गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, हितसंबंध आड येणं अशा कारणासाठी, आणि लेखी कळवून.

2017 मध्ये ट्रम्पना रॉबर्ट म्युलर नको होते. म्युलर म्हणजे 2016 च्या निवडणुकीतल्या रशियाच्या ढवळाढवळीची चौकशी करणारे खास वकील. ॲटर्नी जनरल सेशन्स या प्रकरणातून बाजूला झाले होते, त्यामुळे सही खात्यातले नंबर दोनचे रॉड रोझेनस्टाइन यांची लागणार होती. जूनमध्ये ट्रम्पनी व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅगॅन यांना फोन करून सांगितलं, रोझेनस्टाइनना सांगा, म्युलर जायला हवेत. मॅगॅननी तो निरोप पुढे दिलाच नाही, उलट स्वतः नोकरी सोडायची तयारी केली. हे सगळं म्युलर यांच्याच अहवालात छापून आलंय. म्युलरनी 2019 मध्ये काम पुरं केलं.

ट्रम्पवर दोन फौजदारी खटले भरणारे खास वकील जॅक स्मिथ यांच्या वेळी एवढंही करावं लागलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये ट्रम्प म्हणाले होते, दोन सेकंदांत काढेन. निवडून आल्यावर खटले मागे घ्यावे लागले, आणि शपथविधीच्या दहा दिवस आधी स्मिथ स्वतःच बाहेर पडले. मग 27 जानेवारी 2025 ला त्यांच्या हाताखाली काम केलेल्या डझनभराहून जास्त वकिलांना बडतर्फीची पत्रं मिळाली. गैरवर्तन नाही, कसूर नाही. अध्यक्षांचा कार्यक्रम राबवायला तुमच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे कारण. पत्रं काढणारे पुन्हा एक प्रभारी ॲटर्नी जनरल.