कॅम्परच्या दुसऱ्या बॅटरीसाठी एफडी मोडू का?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. मिस्टरांचं औषधाचं दुकान, त्या स्वतः शिवणक्लास घेतात, दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजारांच्या आसपास येतात. घरखर्च ४५, भिशी ५, मुलगी बेळगावात डिप्लोमाला. दोन वर्षांपूर्वी कागलहून १९९६ ची मॅटाडोर घेतली १ लाख ८५ हजारांना आणि आत बेड, कपाट, बारा व्होल्टचा फ्रीज बसवून तिची कॅम्पर केली. मागच्या मार्चमध्ये तिलारीला रात्रभर फ्रीज चालू राहिला आणि सकाळी गाडी स्टार्टच होईना, धक्का मारायची वेळ आली. आता दुसरी बॅटरी हवी म्हणून बेळगावातून १ लाख ३८ हजारांचं कोटेशन आणलंय. घरात एफडी एकच, २ लाख २० हजारांची. ती मोडू, सोसायटीचं १४ टक्क्यांचं कर्ज काढू, की एप्रिलमध्ये भिशीचा नंबर आहे तोवर थांबू, असं विचारतायत.

ताई, एफडीला हात लावू नका आणि कर्ज तर अजिबात नको. बॅटरी घ्या, पण या कोटेशनवाली नाही आणि आत्ता नाही.

आधी एफडीचं बघू. १ लाख ३८ हजार काढले की ८२ हजार उरतात, म्हणजे दोन महिन्यांचा खर्चसुद्धा नाही, त्यात मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात कापणार ते वेगळंच. दुकान चार दिवस बंद ठेवायची वेळ आली तर तुमच्या हाताशी दुसरं काही नाहीये हो. कर्जाचं म्हणाल तर तीन वर्षांसाठी महिन्याला ४,७०० च्या वर हप्ता बसतो आणि व्याजच ३१-३२ हजार जातं, म्हणजे अजून एक बॅटरी आली असती तेवढ्यात.

आता कोटेशन. २०० अँपिअर-अवरची लिथियम ५८ हजार, डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना इंजिनकडून दुसरी बॅटरी बेतानं भरणारा) १९, दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर २२, दोन सोलर पॅनल कंट्रोलरसकट २७, वायरिंग आणि मजुरी १२. बसवणाऱ्यानं फसवलंय असं मी म्हणत नाही, पण त्यानं तुम्हाला काय लागतं ते विचारलेलंच दिसत नाही, त्याच्याकडं जे होतं ते लिहून दिलंय. तुमचा हिशोब असा. फ्रीज ४५ वॅटचा, उन्हाळ्यात अर्धा वेळ चालतो धरला तर दिवसाला ५४० वॅट-अवर. पंखा २५ वॅट, रात्रभर म्हणजे सव्वादोनशे. दिवे आणि मोबाईल धरून अजून शे-सव्वाशे. सगळं मिळून ९०० च्या आत. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅट-अवरची असते, त्यातले नव्वद टक्के वापरले तरी साडेअकराशे मिळतात. म्हणजे निम्मी बॅटरी पुरते, ५८ चे तीसेक हजार झाले.

इन्व्हर्टर इंडक्शनसाठी घातलाय ना? दीड किलोवॅटची शेगडी बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअरच्या वर ओढते, वीस मिनिटं चालवली की ५०० वॅट-अवर गेले, म्हणजे चहा-पोह्यातच अर्धी बॅटरी संपली. पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या आणि स्वयंपाक गाडीच्या बाहेर करा. मिक्सरसाठी २२ हजार घालवण्यापेक्षा चटणी घरूनच कुटून न्या, तशीही ती चांगली लागते. सोलरही राहू दे सध्या. एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री मुक्काम ठोकणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण तुम्ही एका रात्रीनंतर पुढं निघता असं लिहिलंय, आणि पावसाळ्यात तर तुमची गाडी दारातच असते. २० अँपिअरच्या चार्जरनं साडेतीन तास गाडी चालली की ७० अँपिअर-अवर भरतात, म्हणजे आदल्या दिवशीचा जवळजवळ सगळा खर्च भरून निघाला. आंबोलीमार्गे गोव्याला उतरलात तरी जुन्या मॅटाडोरला तेवढा वेळ लागतोच की.

बसवणाऱ्यानं दुसरंही एक गणित तुम्हाला सांगितलंय, की लिथियम चार हजार सायकल चालते (एकदा भरून वापरली की एक सायकल) म्हणून महाग असली तरी सायकलमागं स्वस्तच पडते. वर्षाला तुमच्या रात्री किती, पंचवीस-तीस. या वेगानं चार हजार सायकल संपायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागतील, नातवंडांनासुद्धा संपणार नाहीत. बॅटरी त्याआधी वयानंच जाणार, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि ती देणारं दुकान कुठलं ते विचारा, सायकलचा आकडा सोडून द्या. मग दिरांनी सुचवलेली घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी का नको? ती स्वस्त आहे, मान्य. पण पन्नासेक किलोची, ॲसिडची, घाटात डुचमळणारी, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी वस्तू तुम्ही झोपता त्या बेडखाली ठेवायची, शिवाय वापरायची निम्मीच, आणि पावसाळ्यात चार महिने तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि दोन-तीन वर्षांत बदलायला लागते. इथं मी लिथियमच्या बाजूनं आहे.

आणि "बिल नको असेल तर नऊ हजार कमी करतो" असं बसवणारा म्हणालाय, त्याला साफ नाही म्हणा. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि काही जळालं तर विमा कंपनीला दाखवणार काय?

डीसी-डीसी चार्जर मात्र काटायचा नाही. पैसे वाचवायला कुणीतरी म्हणेल की साधी रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टाकू, शे-पाचशेत काम होतंय. लिथियमची बॅटरी पडून असतानाही १३.३ व्होल्टच्या आसपास दाखवते, त्यामुळं व्होल्टेज बघून तुटणारी रिले वेळेवर तुटतच नाही, आणि रिकामी लिथियम एकदम एवढा करंट ओढते की जुन्या गाडीचा छोटा आल्टरनेटर तापून जातो. तो जळला की वाचवलेले पैसे तिकडं गेले. वायर पण बघून घ्या. इंजिनपासून बेडखालपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर झाली. सहा स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर वीस अँपिअरला व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या वर पडतं, सोळा स्क्वेअरला पाव व्होल्टच्या आत. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, कारण दोन्हीकडं करंट देणारी बॅटरी बसलेली असते. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट घाला, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची जोडणी) हातोडीनं ठोकून नाही तर क्रिंपिंग मशीननं दाबून घ्या, आणि घरातली एमसीबी तिथं लावू देऊ नका, डीसीचा स्पार्क विझवायला ती बनवलेली नसते. वायरिंगचे १२ हजार मी एक रुपयानं कमी करणार नाही.

म्हणजे ३० अधिक १९ अधिक १२, एकसष्ट हजार.

पण ताई, पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गाडी अजून एमएच-०९ आहे आणि आरसी कागलच्या जुन्या मालकाच्या नावावर आहे. मला बॅटरीपेक्षा ह्याची काळजी जास्त वाटते. आपल्या सीमाभागात ह्याला कुणी गंभीर धरत नाही, अर्धं निपाणी कोल्हापूर पासिंगच्या गाड्या फिरवतं, पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं कर्नाटकात ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. त्याहून मोठं म्हणजे अपघात झाला तर कायद्यानं मालक कोण, तर आरसीवर नाव आहे तो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. तुमच्या गाडीपायी कागलचा माणूस अडकणार, आणि तुमचा स्वतःचा नुकसानीचा क्लेम विमा कंपनी उडवून लावणार, कारण गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. जी गाडी कागदावर तुमची नाही तिच्यात आणखी साठ हजार घालू नका.

गाडी नावावर करायला आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), फॉर्म २८. मग इकडं ट्रान्सफर आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होत जातो, त्यामुळं घाबरू नका. आरसीची मुदत कधी संपते तेही बघा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायची असते आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला ती फी दहा हजार झालीय. सीट काढून बेड टाकलाय तोही आरसीवर चढवायला लागेल का, ते त्याच फेरीत विचारून घ्या. महिन्याचे बारा हजार शिल्लक राहतात, मार्चपर्यंत ते सगळे ह्यातच जाऊ देत. कागद झाले की विमा कंपनीला बॅटरी-चार्जरची किंमत कळवून इलेक्ट्रिकल फिटिंग म्हणून घालायला सांगा, किमतीच्या चार टक्क्यांच्या आसपास जादा प्रीमियम पडतो. एवढ्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या थर्ड पार्टीच देतात, चार ठिकाणी विचारायला लागेल.

एप्रिलमध्ये भिशीचे एक लाख हातात येतील ते सगळे तुमचे नाहीत हे लक्षात असू द्या. अकरावा नंबर, म्हणजे तोवर भरलेले ५५ हजार तुमचे, उरलेले ४५ हजार पुढच्या नऊ हप्त्यांत फेडायचे आहेत. ५५ मध्ये महिन्याच्या शिल्लकीतले सहा घातले की बॅटरी झाली, आणि ते ४५ मुलीच्या जूनच्या फीसाठी बाजूला टाका, सोन्याच्या दुकानात जाऊ नका.

राहिलं तुमच्या डिसेंबरच्या ट्रिपचं, तोवर दुसरी बॅटरी नसणार. तुमच्या फ्रीजच्या सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन हाय, मिडियम, लो असं असेल, बहुतेक बारा व्होल्टच्या फ्रीजला असतं. ते हाय वर ठेवा, म्हणजे स्टार्टपुरता चार्ज राखून फ्रीज आपोआप बंद होतो. मॅटाडोरला सकाळच्या गारठ्यात हीटर प्लगच केवढा करंट खातात, तेवढं शिल्लक राहिलं पाहिजे. रात्री फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घातल्या की दूध सकाळपर्यंत टिकतंय. ह्याला खर्च शून्य.

एनओसीचा अर्ज टाकायच्या आधी गाडीवर जुनी चलनं बाकी आहेत का ते ऑनलाईन तपासा आणि जुन्या मालकाची फॉर्म २९ आणि ३० वर सही आधी घेऊन ठेवा. कागल काही लांब नाही, या रविवारीच जाऊन या.