झॅबिक्स या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही स्विचचा डेटा येत नाही, आणि राऊटरचा ग्राफ ११५ एमबीपीएसच्या वर जात नाही. कॉन्फिगरेशन कुठे चुकलं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: चौदा स्विच आणि एक राऊटर एसएनएमपी २सी (डिव्हाइसला त्याची माहिती विचारायचा प्रोटोकॉल, त्याची २सी आवृत्ती) वापरून झॅबिक्सला जोडलेत, आयटम (मोजायची एकेक गोष्ट) हाताने बनवलेत, पोलिंग (डिव्हाइसला आकडे विचारणं) दर पाच मिनिटांनी होतं. चार स्विच पिंगला उत्तर देतात, पण झॅबिक्स त्यांच्यापुढे 'टाइमआउट' दाखवतं. आणि राऊटरच्या १ जीबीपीएस लिंकचा ग्राफ ११५ च्या वर चढत नाही, शिवाय मधेमधे तुटतो.

आधी ग्राफचं बघू, कारण ११५ हा आकडा वाचूनच मला हसू आलं. तो माझ्याही वाट्याला आलेला आहे.

तुम्ही बहुधा 'इफ-इन-ऑक्टेट्स' हा पोर्टवर आलेले बाइट मोजणारा काउंटर घेतलाय. तो ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९५ बाइट मोजून झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. पूर्ण भरलेल्या १ जीबीपीएस लिंकवर ही एक फेरी सुमारे ३४ सेकंदांत संपते, म्हणजे तुमच्या दोन वाचनांच्या मधे काउंटर आठ-नऊ वेळा गरगर फिरून आलेला असतो. झॅबिक्सला ते कळायचा मार्गच नाही. त्याला दोन वाचनांतला फरक दिसतो, आणि तो फरक एका फेरीपेक्षा मोठा असूच शकत नाही. एका फेरीचे बाइट गुणिले आठ, भागिले ३०० सेकंद: ११४.५ एमबीपीएस. हेच तुमचं छत. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान निघाला की 'चेंज पर सेकंड' (दोन वाचनांतल्या फरकावरून दर सेकंदाचा वेग काढणारी) ही पायरी ते वाचन टाकून देते, म्हणून रेघ तुटते. मी याच ग्राफच्या भरवशावर आठवडाभर 'लिंक तर मोकळी आहे' असं सांगत फिरलो, आणि लोक नेट रांगतंय म्हणून ओरडत होते. लोक बरोबर होते.

उपाय सोपा आहे. ६४ बिटांचा 'इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स' घ्या: ओआयडी (एसएनएमपीत प्रत्येक माहितीचा ठरलेला क्रमांक) १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, पुढे पोर्टचा इंडेक्स. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी शेवटच्या ६ च्या जागी १०. प्रीप्रोसेसिंगमध्ये (आकडा साठवण्याआधीच्या पायऱ्यांत) 'चेंज पर सेकंड' आणि त्यानंतर आठने गुणाकार, म्हणजे बाइटचे बिट होतात. हा गुणाकार राहिला तर ग्राफ दिसायला अगदी शहाणा दिसतो, फक्त आठपटीने खोटा असतो. पोलिंग एक मिनिटावर आणा. आणि कुठलाही होस्ट (झॅबिक्समध्ये नोंदवलेलं डिव्हाइस) एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीवर ठेवू नका, तिच्यात ६४ बिटांचे काउंटर मिळतच नाहीत. १० जीबीपीएसचा पोर्ट असेल तर वेगासाठीही 'इफ-स्पीड' नको, त्याचं मापही ३२ बिटांतच संपतं. 'इफ-हाय-स्पीड' घ्या, तो मेगाबिटमध्ये सांगतो.

आता टाइमआउट. पिंग चालतं याचा अर्थ डिव्हाइस जिवंत आहे, बाकी काही नाही. एसएनएमपी यूडीपीच्या १६१ पोर्टवर चालतं, आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) चुकली तर डिव्हाइस 'चुकली' असं कळवत नाही, गप्प बसतं. स्ट्रिंग चुकली, अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कोणाला उत्तर द्यायचं त्या यादीत) सर्व्हरचा आयपी नाही, फायरवॉलने अडवलं, डिव्हाइसवरचा उत्तर देणारा एजंट चालूच नाही: चारही वेळा पडद्यावर तोच टाइमआउट. त्यामुळे झॅबिक्सच्या सेटिंग उलटसुलट करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झॅबिक्स बाजूला ठेवा आणि त्याच सर्व्हरवरून हाताने एसएनएमपीवॉक (डिव्हाइसची माहिती एकामागून एक विचारणारी कमांड) चालवा, ओआयडी १.३.६.१.२.१.१ वर. तुमच्या लॅपटॉपवरून नको, तो अ‍ॅक्सेस लिस्टच्या दृष्टीने परका आहे. होस्ट झॅबिक्स प्रॉक्सीमार्फत (सर्व्हरच्या वतीने डेटा गोळा करणाऱ्या मशीनमार्फत) जोडला असेल तर प्रॉक्सीवरून चालवा, कारण प्रश्न तिथूनच निघतो. वॉकलाही उत्तर आलं नाही तर दुसऱ्या खिडकीत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून १६१ पोर्ट बघत राहा. पॅकेट जातंय आणि काहीच परतत नाही, तर दोष स्ट्रिंगमध्ये, अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये किंवा वाटेत. पॅकेट परततंय, पण भलत्याच आयपीवरून, तर अनेक आयपी असलेल्या डिव्हाइसने दुसऱ्या दाराने उत्तर दिलंय, आणि ज्याला विचारलंच नाही त्याचं उत्तर कोणी स्वीकारत नाही. अशा वेळी होस्टमध्ये तो दुसरा आयपी टाका, किंवा डिव्हाइसवर एसएनएमपीचा सोर्स आयपी ठरवून द्या.

वॉक चालतो पण झॅबिक्सच अडखळतं, असंही होतं. जुने स्विच एका पॅकेटमध्ये ढीगभर ओआयडी विचारले की गुदमरतात. होस्टच्या एसएनएमपी इंटरफेसमध्ये 'यूज कम्बाइन्ड रिक्वेस्ट्स' ही खूण काढून बघा.

आयटम हाताने बनवणं मात्र सोडाच. पोर्टचा इंडेक्स हा पोर्टचा क्रमांक नसतो, आणि काही डिव्हाइसवर रीस्टार्टनंतर तो बदलतो. मग सर्व्हरचा ग्राफ प्रिंटरच्या पोर्टवर जाऊन बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. झॅबिक्ससोबत येणारं नेटवर्क डिव्हाइसचं टेम्प्लेट लावा, त्यातला डिस्कव्हरी नियम पोर्ट स्वतः शोधतो. डिव्हाइसवर इंडेक्स कायम ठेवायची सोय असेल तर तीही चालू करा. अठ्ठेचाळीस पोर्टच्या स्विचवर मोकळे पोर्ट फिल्टरने गाळा, नाहीतर शेकडो आयटम होतात आणि स्विचचा बिचारा प्रोसेसर उत्तरं देण्यातच दमतो. ट्रॅफिक मिनिटाला ठीक, पोर्टची नावं तासाला एकदा पुरे.

हे सगळं बसलं की एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वळा, कारण २सी ची स्ट्रिंग तारेवर उघडी जाते. तोवर निदान 'पब्लिक' ही स्ट्रिंग बदला आणि फक्त वाचण्याचा अधिकार ठेवा. तिसऱ्या आवृत्तीतला एक खड्डा सांगून ठेवतो. मी एका स्विचचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं दुसऱ्यावर उतरवलं, आणि दोघांचा इंजिन आयडी (तिसऱ्या आवृत्तीत डिव्हाइसची ओळख सांगणारा क्रमांक) एकच झाला. झॅबिक्समध्ये दोघे आळीपाळीने गायब व्हायचे: एक हिरवा झाला की दुसरा लाल. हाताने वॉक केला की दोन्ही ठणठणीत! दोन दिवस मी केबल बदलत होतो. इंजिन आयडी प्रत्येक डिव्हाइसचा वेगळाच हवा.

आणि टेम्प्लेट लावलंत की 'डिव्हाइस रीस्टार्ट झालं' हा इशाराही सोबत येईल. तो 'सिस-अपटाइम' (चालू झाल्यापासूनचा वेळ मोजणारा काउंटर) बघून ठरत असेल तर लक्षात ठेवा, हाही ३२ बिटांचाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा. ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. दीड वर्षभर न हललेला स्विच एखाद्या मध्यरात्री रीस्टार्ट झाल्यासारखा दिसला, तर धावत जाण्याआधी 'एसएनएमपी-इंजिन-टाइम' बघा, तो सेकंदात मोजतो.