'समजतं, पण सुटत नाही'

"शिकवताना सगळं समजतं. गणित सोडवायला घेतलं की डोकं कोरं." फिजिक्सबद्दलची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरचं मूल तोंड उघडायच्या आधीच ओळखू येते. त्यातल्याच एका मुलीबद्दल सांगते.

तिची वही देखणी होती. सूत्रं लाल शाईत, सोडवलेली उदाहरणं तीन-तीनदा उतरवलेली. "रोज चार तास बसते, मॅडम. मला ते डोकंच नाही."

मी वही मिटायला लावली आणि खोडरबर वर उडवला. "हातातून सुटल्यावर, वर जाताना, त्याच्यावर कुठली बलं आहेत? बाण काढ."

तिने दोन काढले. खाली गुरुत्वाकर्षण, वर 'फेकल्याचं बल'.

"वरचं बल कोण देतंय?"

"तुमचा हात."

"हात तर इथे आहे."

ती बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले. अशा वेळी उत्तर सांगून टाकलं की सगळं वाया जातं. तिने स्वतः खोडरबर उडवला. पुन्हा उडवला. मग हळूच वरचा बाण खोडला. "म्हणजे वर जातानाही ओढ खालीच? टोकाला वेग शून्य, तरी त्वरण ९.८च?"

हवेचा अडथळा सोडला तर, हो.

मग तिला सांगितलं, की फेकणारा वस्तूत जोर भरतो, असं १४व्या शतकात ब्युरिदानसारखा फ्रेंच विद्वानही मांडत होता. तो बाण खोडायला माणसांना शतकं लागली. तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

डोकं कोरं कधीच नसतं, हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले आहे. आधीचा समज तिथे ठाण मांडून बसलेला असतो आणि नुसत्या वाचनाने तो हलत नाही. वाचलेलं ओळखीचं वाटतं, एवढंच. २००६च्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून सोडवलेल्या उदाहरणातलं उत्तर झाका. आधी चित्र काढा, प्रत्येक बाणाला 'कोण देतंय?' विचारा. आकडे घालण्याआधी उत्तराचा अंदाज लिहा, शेवटी एकक तपासा. चार तासांत वीस गणितं उतरवण्यापेक्षा अशी तीन सोडवा. चुकलेलं गणित खोडू नका. कुठला समज आड आला ते शेजारी लिहा.

महिन्याभराने ती आली तेव्हा वही खाडाखोडीने भरली होती. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, चालताना मला पुढे कोण ढकलतं? जमीनच ना?"