एमएसडब्ल्यू घरून करणार असशील तर

नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची म्हणतेस, तर इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) दूरस्थ अभ्यासक्रम बघ. किमान दोन वर्षं लागतात, ताणलं तर चार. दुसरीकडे कुठे प्रवेश घेणार असशील तर आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची (डीईबी) मान्यता तपास. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नकोस.

वाचन, असाइनमेंट रात्री उरकतील. घोडं अडतं ते क्षेत्रकार्यात, म्हणजे एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष जाऊन करायच्या कामात. ते ऑनलाइन होत नाही, आणि होऊही नये असं माझं स्पष्ट मत. संस्थेच्या वेळेत तुला तिथं हजर राहावं लागेल, म्हणून रजेचं ऑफिसात आत्ताच बोलून ठेव. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांचं काम जवळून बघायला मिळालं तर सोडू नकोस. रेशनकार्डावर नाव नाही, नातेवाईक गावी, जनआरोग्य योजनेचे कागद अर्धवट आणि पेशंट समोर खाटेवर! व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे एकेका माणसाची अडचण समजून घेऊन त्याला मदत करणं, काय असतं ते तिथं कळतं. कचरावेचकांच्या प्रश्नात रस असेल तर त्यांचीच सहकारी संस्था 'स्वच्छ' पुण्यातच आहे.

क्षेत्रकार्याच्या नोंदी त्याच संध्याकाळी लिही, पण वस्तीतल्या माणसांची खरी नावं घालू नकोस. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत पगार, करार किती महिन्यांचा, हे बिनदिक्कत विचार. प्रकल्पाचा निधी संपला की बऱ्याच ठिकाणी नोकरीही संपते.