परदेशी मिशनवर रोजचा दिवस कसा जातो, आणि श्रद्धा टिकते का?

तुमची धाकटी बहीण धर्मभगिनी होऊन परदेशी मिशनवर जायचं म्हणते, घरात रडारड चालू आहे, आणि तिथलं रोजचं जगणं कसं असतं, इतक्या लांब श्रद्धा टिकते का, असं तुम्ही विचारलंय. मी वसईची. नऊ वर्षं जपानमध्ये, नागासाकीकडे, धर्मभगिनी म्हणून राहते. इथलं सांगते.

पहाटे पाचला उठतो. आम्ही चौघी: दोघी जपानी, एक फिलिपिन्सची आणि मी. मौन प्रार्थना, स्तोत्रं, मग साडेसहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. रविवार सोडला तर मिस्साला सात-आठ माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. मिस्सेत एकमेकांना शांती देताना इथे हात मिळवत नाहीत. हात जोडून, वाकून 'शु नो हेइवा' म्हणतात, म्हणजे प्रभूची शांती. पहिल्या रविवारी ते जोडलेले हात बघून मला रडू आवरलं नव्हतं. नऊ ते दोन चर्चची बालवाडी. बूट, डबे, वाहणारी नाकं, भांडणं. मुलं जवळजवळ सगळी बिगरख्रिस्ती घरांतली. नाताळात ती मारिया, योसेफ, मेंढपाळ होऊन नाटक करतात. आईबाप कौतुकाने बघतात, वाकून आभार मानतात आणि घरी जातात. 25 डिसेंबरला इथे सुट्टी नसते. दुपारनंतर आजाऱ्यांच्या भेटी, स्वयंपाक, जपमाळ, दहाला दिवे बंद.

पहिली दोन वर्षं फक्त भाषा शिकण्यात जातात. हिरागाना-काताकाना या उच्चाराच्या दोन लिप्या लवकर येतात, पण रोजच्या वापरातल्या कांजी, म्हणजे चिनी वळणाची अर्थाक्षरं, 2,136 आहेत. वाचन करायला उभी राहते तेव्हा अजूनही कठीण अक्षरांवर बारीक हिरागाना लिहून घेते. त्याहून अवघड प्रार्थना. शब्द बरोबर येतात, मन त्यात उतरत नाही. पहिल्या हिवाळ्यात चर्चमध्ये जपानीत उत्तरं द्यायचे आणि रात्री पांघरुणात मराठीत 'नमो मारिया' म्हणायचे.

श्रद्धा डळमळते का? हो, माझी डळमळली. घरच्या आठवणीने नाही. बहिणीच्या लेकाचा बाप्तिस्मा फोनवर पाहिला, जीव कासावीस झाला, पण देव दूर गेला असं वाटलं नाही. ते वाटलं तिसऱ्या वर्षी, कारण मला कुणी काही विचारतच नव्हतं. वसईत श्रद्धेला गाव उचलून धरतं: देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा, वाटेवरचे क्रूस, शेजारच्या घरातून ऐकू येणारी जपमाळ. इथे बारा कोटींहून जास्त लोकांत कॅथलिक चार लाखांच्या थोडे वर. मी आले नसते तर कुणाचं काय अडलं असतं, हा विचार रात्र रात्र छळायचा.

त्या वर्षी 5 फेब्रुवारीला मी नागासाकीतल्या निशिझाकाच्या टेकडीवर गेले. 1597 मध्ये याच दिवशी तिथे 26 जणांना क्रूसावर मारलं, त्यात आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याचा फक्त हुतात्मा म्हणून धडा होता. इथे आल्यावर त्याचं बाकीचं आयुष्य मला जवळचं वाटू लागलं. कोवळ्या वयात तो जेज्वीट, म्हणजे येशूसंघी, धर्मगुरूंबरोबर जपानला आला, त्यांचा सेवक म्हणून राबला, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. मग व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून परत इथेच आला. पुरोहित कधीच नव्हता. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं हे त्याचं काम.

दर गुरुवारी मी एका आजींकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाते. त्यांचे पूर्वज लपलेले ख्रिस्ती. 1614 च्या ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीनंतर उरलेसुरले धर्मगुरूही संपले, आणि मग दोनशेहून जास्त वर्षं त्या लोकांना धर्मगुरू नव्हता, मिस्सा नव्हती. बाप्तिस्मा आणि पाठ केलेल्या प्रार्थना तेवढ्या उरल्या. 1865 मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये त्यांच्यातली काही माणसं आली, आपलं मन तुमच्यासारखंच आहे असं फ्रेंच फादरना सांगितलं आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे विचारलं. आजींना आता लेकीचं नावही आठवत नाही. पण जपमाळ हातात दिली की 'मेदेताशि', म्हणजे जपानीतलं 'नमो मारिया', सुरू होतं. ती प्रार्थना जुन्या शब्दांतली. 2011 पासून चर्चमध्ये 'आवे मारिया' अशी नवी म्हणतात, मी तीच शिकले. जुनी मला नीट येत नव्हती, तेव्हा एकदा अर्धी त्यांनी म्हटल्यावर उरलेली अर्धी मी मराठीत म्हटली. त्या थांबल्या नाहीत. जपमाळेची पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आम्ही तशीच पूर्ण केली. मराठीतली माझी प्रार्थना त्या दिवशी पहिल्यांदा पांघरुणाबाहेर आली. मी आले नसते तर काय अडलं असतं, हा रात्रीचा विचार अजूनही येतो, पण गुरुवार चुकवत नाही.

बहिणीला अडवू नका, पण तिला संस्थेला काही गोष्टी स्पष्ट विचारायला सांगा. भाषेसाठी किती काळ देतात? एका घरात किती सिस्टर असतात? एकटीला पाठवत असतील तर मी नको म्हणेन. घरी किती वर्षांनी पाठवतात, आजारपणाचा खर्च कोण करतं, नाही जमलं तर परत यायची वाट काय? आणि अंतिम व्रतं घेण्याआधी तिथे काही काळ राहून बघता येईल का? तुमच्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच निरोप ठेवा. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, तेव्हा तुमच्या दुपारी मी मोकळी असते.